एक गादी, अनेक दौलती

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसास आपल्या वास्तव्याचे मूळ विचारले असता तो बहुधा वडिलांची किंवा आजोबांची नोकरी सांगतो, आणि गेल्या शंभर वर्षांपुरते ते खरेही असते. परंतु बडोदे, इंदूर, धार, देवास, ग्वाल्हेर, सागर, झाशी या गावांतील जुन्या मराठी वस्तीचा मागोवा घेऊ लागले म्हणजे नोकरीच्याही मागे एक राजकीय निर्णय उभा असलेला दिसतो. सगळी सत्ता एका गादीपाशी ठेवावी, की दूरदूरच्या मुलखात ती सरदारांच्या हाती सोपवावी, या प्रश्नाला मराठी राज्याने अठराव्या शतकात जे उत्तर दिले, त्या उत्तरामुळेच ही माणसे नर्मदेपलीकडे जाऊन स्थायिक झाली. (तंजावरची कथा वेगळी. तेथील भोसल्यांचे राज्य सातारच्या गादीने कोणास वाटून दिलेले नव्हते.) मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या उत्तराचा फेरविचार करावा असे आम्हांस वाटले. शाळेतील पुस्तकांनी या प्रश्नाचा निकाल ‘फुटीरपणा’ या एका शब्दात लावून टाकला आहे. तो निकाल आम्हांस अपुरा वाटतो.

प्रारंभ अर्थातच शिवछत्रपतींपासून करावयास हवा. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला त्या वेळी अष्टप्रधानांची व्यवस्था पूर्णत्वास गेली होती. प्रधानांना आणि लष्कराला वेतन शक्यतो रोख द्यावयाचे, जहागिरी तोडून द्यावयाच्या नाहीत, आणि बापाचा हुद्दा मुलाकडे आपोआप जाऊ द्यावयाचा नाही, हे या व्यवस्थेचे तीन आधार होत. सरनौबतीचेच पाहा. नेताजी पालकर, त्यांच्यानंतर प्रतापराव गुजर, त्यांच्यानंतर हंबीरराव मोहिते. तिघेही वेगवेगळ्या घराण्यांतले. प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. ते भिन्न जातींतले असावेत आणि एकट्याच्या मर्जीने गड शत्रूच्या हाती जाऊ नये, अशी योजना होती. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना व कारकुनांना महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. गवताच्या गंजीजवळ दिवा ठेवला तर उंदीर वात पळवील आणि आग लागेल, इथपर्यंतची काळजी त्यात वाहिलेली आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, हा तर एकहाती कारभार. परंतु येथे एक गोष्ट नजरेआड होते. १६६६ साली महाराज आग्र्याला गेले आणि कित्येक महिने राज्यापासून दूर राहिले. त्यातही काही काळ औरंगजेबाच्या पहाऱ्यात होते. त्या अवधीत मातुःश्री जिजाबाई आणि मोरोपंतादी कारभाऱ्यांनी राज्य राखले. पुढे १६७७-७८ च्या दक्षिण दिग्विजयात महाराज वर्षभराहून अधिक काळ कर्नाटकात होते, तरी घरचा गाडा थांबला नाही. ज्या राज्यात सर्व निर्णय खरोखरच एका माणसापाशी अडलेले असतात, त्या राज्यात हे घडू शकत नाही. धोरण, नेमणूक आणि हिशेब या गोष्टी महाराजांनी आपल्याकडे ठेवल्या. रोजचा कारभार ज्याच्या त्याच्या हाती होता.

रणांगणावरील निर्णयाचा प्रश्न मात्र तेव्हाही नाजूक होता. प्रतापरावांनी १६७३ साली बहलोलखानास कोंडीत पकडले, आणि त्याने गयावया केल्यावर स्वतःच्या अखत्यारीत सोडून दिले. जागेवर असलेल्या सेनापतीने परिस्थिती पाहून केलेला तो निर्णय होता. महाराजांना तो मान्य झाला नाही व त्यांनी कठोर शब्दांत जाब विचारला. तो बोल सेनापतीस इतका लागला की २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. आपण मराठी माणसे या प्रसंगातील शौर्यावर लुब्ध असतो, आणि ते रास्तही आहे. परंतु दूरच्या माणसास किती मोकळीक द्यावी व चुकल्यास किती बोलावे, याचा पेच महाराजांसारख्या राज्यकर्त्यालाही सुटलेला नव्हता, हेही त्यातून दिसते.

१६८९ नंतर सारेच पालटले. संभाजीमहाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले, आणि राजाराममहाराज जिंजीस पोहोचले. राजा जिंजीत आणि राज्य सह्याद्रीत, मधला मुलूख मोगलांच्या फौजांनी व्यापलेला. अशा स्थितीत एका ठिकाणाहून हुकूम सोडणे शक्यच नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन महाराष्ट्रातील कारभाराचा संपूर्ण अखत्यार त्यांच्याकडे सोपविण्यात आला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव आपापल्या विचाराने फौजा फिरवू लागले. मोगलांनी जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालविला, आणि तेवढी वर्षे त्यांचे मोठे सैन्य तेथे अडकून पडले. १७०० साली राजाराममहाराज वारले तेव्हा ताराबाईंनी लढा पुढे चालविला. ज्याला पकडले म्हणजे राज्य संपेल असा एक माणूस, जिंकले म्हणजे युद्ध थांबेल असे एक ठाणे औरंगजेबाला सापडेना. १७०७ साली तो अहमदनगरजवळ मरण पावला. केंद्राची सत्ता विखुरली म्हणून मराठी राज्य बुडाले, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या अठरा वर्षांचा विचार अवश्य करावा. या काळात ती विखुरली म्हणूनच राज्य वाचले.

त्याची किंमत मात्र जबर होती. सरदार शत्रूला जाऊन मिळू नयेत म्हणून वतने व सरंजाम देण्याची वचने द्यावी लागली. औरंगजेबही तीच आमिषे दाखवीत होता, तेव्हा दुसरा उपायही नव्हता. शिवछत्रपतींनी कटाक्षाने बंद ठेवलेले दार एकदा उघडले ते पुन्हा मिटले नाही. रामचंद्रपंतांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी जो सावधगिरीचा सूर आहे, तो या अनुभवातूनच आलेला असला पाहिजे. वतनदार हे राज्याचे जणू भाऊबंदच, आपला वाटा राखण्यापलीकडे त्यांची नजर जात नाही, अशा आशयाचे विवेचन त्यात आहे.

शाहूमहाराज १७०७ साली सुटून आले तेव्हा त्यांच्यापाशी नाव होते. खजिना नव्हता आणि फौजही नव्हती. ज्या सरदारांनी स्वतःच्या तलवारीवर मुलूख राखला होता त्यांना ‘आता सर्व सरकारात जमा करा’ असे सांगण्याची ताकद साताऱ्यात कोणापाशी होती? बाळाजी विश्वनाथांना १७१३ साली पेशवाई मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी कान्होजी आंग्र्यांना लढाईशिवाय, केवळ बोलणी करून शाहूमहाराजांच्या पक्षात आणले. त्यांचे आरमार व किल्ले त्यांच्याकडेच राहू दिले. विकेंद्रीकरण हे बाळाजीपंतांनी निवडलेले तत्त्व होते असे आम्ही म्हणणार नाही. जे घडून गेले होते त्याला त्यांनी मान्यता दिली, आणि त्या मान्यतेला हिशेबाच्या दोऱ्यांनी गादीशी बांधले.

हा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे. १७१९ साली दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. शंभर रुपये वसूल धरला तर दहा रुपये सरदेशमुखीचे. ते सर्व छत्रपतींचे. चौथाईचे पंचवीस. त्यांपैकी सव्वासहा रुपये राजबाबती म्हणून छत्रपतींकडे, दीड रुपया ‘साहोत्रा’ म्हणून पंतसचिवांकडे, बारा आणे ‘नाडगौंडा’ म्हणून छत्रपतींच्या मर्जीनुसार कोणाला तरी, आणि उरलेले साडेसोळा रुपये ‘ऐन मोकासा’ म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांकडे. शिवाय हे वाटे एका जागी दिलेले नसत. एका परगण्यात बाबती एकाची, मोकासा दुसऱ्याचा, साहोत्रा तिसऱ्याचा. त्यामुळे कोणाही सरदारास एक सलग मुलूख कापून घेऊन स्वतंत्र होता येऊ नये आणि प्रत्येकाचे हित दुसऱ्याच्या हितात गुंतलेले राहावे, अशी ती युक्ती होती. हे सारे सांभाळायला कारकून हवेत, आणि मराठी कारकून या जाळ्याबरोबरच परमुलखात पसरला. फडणीस, चिटणीस, मुजुमदार, पोतनीस, सबनीस, दप्तरदार ही आडनावे मंडळाच्या सभासदांच्या यादीत पाहिली की आम्हांस त्या साडेसोळा रुपयांची आठवण होते!

सरदारांवर नजर ठेवण्याचीही एक सोय होती. मोठ्या सरदारांच्या पदरी सरकारातून दरखदार नेमलेले असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस. सरदाराला त्यांना परस्पर दूर करण्याचा अधिकार नसे. योजना उत्तम होती. परंतु पुढे या दरखाही वंशपरंपरेने चालू लागल्या. ज्याने सरदाराचा हिशेब तपासावयाचा त्याचा मुलगा आणि नातू सरदाराच्याच गावात वाढले, तेथेच वाडे बांधून राहिले, त्यांच्या मुलामुलींची लग्ने तेथेच झाली. मग तपासणी कोण करणार? शिवकालीन व्यवस्थेचा त्याग हे मराठी सत्तेच्या शैथिल्याचे कारण होय, अशी न्यायमूर्ती रानड्यांची मीमांसा आहे. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. तिला आम्ही एवढेच जोडू की, सरदारी वंशपरंपरागत झाल्याने जेवढे नुकसान झाले, त्याहून अधिक नुकसान तपासनिसाचे पद वंशपरंपरागत झाल्याने झाले.

तरीही शाहूमहाराज हयात होते तोवर ही रचना चालली, किंबहुना फोफावली. थोरल्या बाजीरावांच्या काळात राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर आणि पवार माळव्यात स्थिरावले, गायकवाडांनी बडोदे घेतले, भोसले नागपुरास प्रबळ झाले. ही माणसे साताऱ्यात बसून हुकमाची वाट पाहत राहिली असती तर हा विस्तार झालाच नसता. भांडणे तेव्हाही होती. १७३१ साली डभईस पेशव्यांची आणि सेनापती दाभाड्यांची प्रत्यक्ष लढाई होऊन त्रिंबकराव दाभाडे ठार झाले. १७४३ साली तर विलक्षण प्रकार घडला. रघूजी भोसले बंगालवर चालून गेले असता नानासाहेब पेशवे बंगालच्या नवाबाकडून, अलीवर्दीखानाकडून, पैका घेऊन त्याच्या मदतीला धावले आणि मराठी फौजेनेच मराठी फौज बंगालबाहेर काढली! पण त्यानंतर काय झाले ते महत्त्वाचे. शाहूमहाराजांनी त्याच वर्षी दोघांना साताऱ्यास बोलावून क्षेत्रे वाटून दिली. बंगाल-ओरिसा भोसल्यांकडे, माळवा, आग्रा, अजमेर पेशव्यांकडे. दोघांनीही तो निवाडा मानला. शाहूमहाराज मोहिमा काढीत नसत, फारसे हुकूमही सोडीत नसत. पण तंटा तोडणारा म्हणून सर्वांना मान्य असा एक माणूस साताऱ्यात बसलेला होता.

१५ डिसेंबर १७४९ रोजी ते निवर्तले. सत्ता पुण्यास आली. मात्र पेशवे हे स्वतःच एक पक्ष होते. त्यांचा निवाडा भोसले किंवा गायकवाड तटस्थाचा निवाडा म्हणून कसा मानणार? १७५६ साली पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांचे पारिपत्य करण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली, आणि विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी उद्दाम होते, पेशव्यांना जुमानीत नव्हते, हे सर्व खरे धरले तरी केंद्राची हुकमत बसविण्यासाठी मराठ्यांचे समुद्रावरील बळ परक्यांच्या हातून नष्ट करविणे हा सौदा महागच पडला.

पानिपताचे खापर नेहमी दुहीवर फोडले जाते. आमचे मत थोडे निराळे आहे. भाऊसाहेबांना उत्तरेत पूर्ण अखत्यार होता. पुण्याच्या पत्राची वाट पाहून त्यांना काही करावयाचे नव्हते. तोफखान्याच्या आधाराने एकवट लढावे की गनिमी काव्याने, याविषयी मल्हाररावांचा त्यांच्याशी मतभेद होता, पण निर्णय एकानेच घेतला आणि बहुतेकांनी पाळला. उणीव पडली ती धान्याची. रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य उपाशीपोटी लढावयास बाहेर पडले. ज्या प्रसंगी मराठ्यांनी सर्वाधिक बळ एका ठिकाणी, एका माणसाच्या हाती एकत्र केले होते, नेमका तोच प्रसंग सर्वांत घातक ठरला. नानासाहेब स्वतः कुमक घेऊन येत होते. वार्ता त्यांना माळव्यातच कळली.

थोरल्या माधवरावांनी पुन्हा दोऱ्या आवळल्या. १७६३ साली राक्षसभुवनास निजामाचा पराभव केला, घरातल्या राघोबादादांना आवर घातला, १७६९ साली कनकापुरास भोसल्यांकडून तह करून घेतला. पण १७७२ साली ते थेऊरास वारले, आणि पुढच्याच वर्षी नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर पुण्याचा कारभार बारभाईंच्या, आणि अखेरीस नाना फडणिसांच्या हाती आला.

येथे इंग्रजांकडे वळणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे असा समज रूढ आहे की मराठे विस्कळीत आणि इंग्रज मात्र एकसूत्री. तसे मुळीच नव्हते. मुंबईकर इंग्रजांनी ६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांशी सुरतेस तह केला, तो कलकत्त्याच्या संमतीवाचून. वास्तविक १७७३ च्या कायद्याने युद्ध आणि तह या बाबतींत मुंबईवर कलकत्त्याची देखरेख आली होती. कलकत्त्याने तह अमान्य केला, कर्नल अपटन याला पाठवून १७७६ साली पुरंदरचा दुसरा तह केला. तर लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहाला पसंती कळविली! लंडनचे उत्तर यायला जवळजवळ वर्ष लागे. पुढे मुंबईकरांनी पुण्यावर जी फौज धाडली तिच्यावर एक सेनापती न नेमता तिघांची समिती नेमली. (समितीने लढाई चालविणे म्हणजे काय, हे मंडळाच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.) जानेवारी १७७९ मध्ये ती फौज वडगावास शरण आली. त्या वेळी मराठ्यांकडे नाना पुण्यातून सूत्रे हलवीत होते, महादजी रणांगणावर होते, आणि दोघांचा मेळ होता. त्या एका वर्षापुरते तरी पुण्याचे राज्यतंत्र मुंबई, कलकत्ता आणि लंडन या तिन्हींहून सरस होते, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो.

१७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी मध्यस्थ झाले. नानांनी त्याला मान्यता द्यायला १७८३ उजाडविले; हैदराच्या युद्धाचा रंग पाहून अधिक काही पदरात पडते का, याचा अदमास ते घेत होते. बोलणी करणारा तळावरचा माणूस आणि शिक्का ज्याच्या हाती तो मुख्य ठिकाणचा माणूस यांच्यातला हा जुनाच ताण. १७८४ साली महादजींनी बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद मिळविले व स्वतः नायब म्हणून दिल्लीचा कारभार पाहू लागले. पुढे डी बॉइनच्या हाताखाली त्यांनी कवायती कंपू उभे केले. १७९२ साली ते पुण्यास आले तेव्हा वाद पेटला तो हिशेबाचाच. महादजी म्हणत, हिंदुस्थानच्या मोहिमांत आमचा खर्च झाला तो द्या. नाना म्हणत, वसुलाचा झाडा दाखवा. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. तो हिशेब शेवटपर्यंत मिटला नाही. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीस वारले. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास शिंदे, होळकर, भोसले परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सेनापतित्वाखाली निजामाविरुद्ध एकत्र लढले, ते अखेरचेच.

१८०० साली नाना गेले. त्यानंतर दुसऱ्या बाजीरावांनी १८०१ साली विठोजी होळकरांना पुण्यात क्रूरपणे देहान्त शासन दिले. यशवंतराव होळकर चालून आले, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव झाला, आणि बाजीरावांनी ३१ डिसेंबर रोजी वसईस इंग्रजांचा तह पत्करला. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले असईस व अडगावास लढले. होळकर दूर राहिले. गायकवाड आधीच इंग्रजांच्या आश्रयास गेले होते. १८०४ मध्ये होळकर एकटे लढले तेव्हा शिंद्यांचे हात तहाने बांधलेले होते. १७४३ सालचा तंटा आणि १८०२ सालचा तंटा यांत सरदारांचे स्वभाव फारसे बदललेले नव्हते. साताऱ्यातील तो माणूस तेवढा राहिला नव्हता.

इंग्रजांकडेही वेलस्लीने लंडनची पर्वा न करता मुलूख जिंकले, आणि संचालकांशी त्याचे इतके बिनसले की १८०५ साली त्याला परत जावे लागले. तो जहाजात बसला आणि गेला. कलकत्त्याची गव्हर्नरी त्याच्या मुलाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. पालकरांमागून गुजर आणि गुजरांमागून मोहिते नेमणाऱ्या रायगडाला ही रीत परकी वाटली नसती.

राज्ये गेली, पण सरदारांबरोबर गेलेली माणसे जिथल्या तिथे राहिली. त्यांनी तेथे मराठी शाळा, वाचनालये आणि नाट्यगृहे उभी केली. गो. स. सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते, आणि ‘मराठी रियासत’ त्याच काळात तेथे आकारास येऊ लागली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद त्यांनी पुढे १९३० पासून पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले, त्यामुळे मुख्य ठिकाणची बाजू आज पुष्कळशी उजेडात आहे. तंजावरास सरस्वती महालात मोडीचे मोठे भांडार आहे. तेथील बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी भोसले वंशाचा इतिहासही मराठीत कोरवून ठेवला आहे. पण माळव्यात, बुंदेलखंडात, गुजरातेत स्थायिक झालेल्या दरखदारांच्या आणि कमाविसदारांच्या घरी जे रुमाल बांधून ठेवलेले असतील, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असा रुमाल असेल तर त्यांनी तो मंडळाच्या कार्यालयात दाखवावयास आणावा. मोडी वाचणारे दोघेजण तेथे दर रविवारी सकाळी बसतात, आणि कागद त्याच दिवशी मालकास परत दिले जातील.